बिनवासाची दुपार

तिसगावात शेगडीचं बटण अर्धवट राहिलं, तर ओसरीवर बसलेल्या म्हातारीलाही मिनिटभरात कळतं. तो भपका गॅसचा स्वतःचा नव्हे. सिलिंडरातल्या प्रोपेन-ब्युटेनला वास नसतो. त्यात एथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात, आणि ते इतकं उग्र असतं की पेट घेण्याजोगा गॅस साचायच्या बऱ्याच आधी नाकाला लागतं. गॅसला वास लावायची युक्ती जुनीच होती, सक्ती मात्र नव्हती. ती आली एका गुरुवारी शाळेत झालेल्या गॅसच्या स्फोटानंतर: 18 मार्च 1937, न्यू लंडन, टेक्सास.

अमेरिकेतल्या तेलगावातली शाळा आणि गर्भगिरीच्या कुशीतलं आपलं बाजाराचं गाव, यांचा काय संबंध? संबंध नळीचा आहे. पाथर्डी तालुक्यात थंडी बोचरी असते, पहाटे विजेचा दाब कमी असतो, आणि दोन सेलवर पेटणारा गॅस गिझर विजेच्या बिलाला हात लावत नाही. तो घेतला की कुणीतरी येऊन नळी जोडून जातो. न्यू लंडनमध्येही कुणीतरी येऊन नळी जोडून गेलं होतं.

साडेसहा वर्षं आधी

ऑक्टोबर 1930 मध्ये रस्क काउंटीत ‘डेझी ब्रॅडफर्ड क्रमांक 3’ या विहिरीला तेल लागलं आणि पूर्व टेक्सासचं तेलक्षेत्र उघडलं. बाकी अमेरिका मंदीत पोळत असताना न्यू लंडनच्या शाळेच्या तिजोरीत तेलावरच्या कराचा पैसा येऊ लागला. 1932 च्या सुमारास दहा लाख डॉलर खर्चून पोलाद-काँक्रीटची इमारत उभी राहिली. रात्री खेळता यावं म्हणून मैदानावर विजेचे दिवे आले. शाळा श्रीमंत होती, एवढं इथे लक्षात ठेवावं. पुढे जे झालं ते गरिबीतून झालं नाही.

इमारत उतारावर होती. त्यामुळे जमीन आणि तळमजल्याची फरशी यांच्यामध्ये इमारतभर पसरलेली बंद पोकळी राहिली. तिथे हवा खेळत नव्हती आणि कुणाचं जाणंयेणंही नव्हतं.

बांधकामाच्या वेळी

वास्तुविशारदाच्या आराखड्यात एक बॉयलर होता. एका जागी आग पेटवायची आणि वाफ नळांतून वर्गावर्गांत न्यायची. शाळेच्या मंडळाने तो बेत मोडून इमारतीत गॅसचे 72 हीटर बसवले. माझ्या मते स्फोटाचा पहिला तास हाच. ठिणगी पडायला अजून काही वर्षं होती, पण एका आगीच्या जागी बहात्तर आगी आल्या, आणि प्रत्येक आगीपर्यंत एक नळी आणि त्या नळीला जोड आले. गॅस सरळ नळीतून क्वचित गळतो, तो गळतो आट्यांपाशी.

आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. त्याच्या पोटातूनच चिमणी वर गेलेली असे आणि तो अंगणात किंवा परसात धुमसत असे. आग बाहेर ठेवून पाणी तेवढं आत न्यायचं, ही रीत आपल्या आज्यांनी कुठलंही मानक न वाचता पाळली होती.

दोनेक महिने आधी

जानेवारी 1937. शाळा गॅस कंपनीकडून रीतसर गॅस घेत होती. मंडळाने तो करार रद्द केला आणि प्लंबरकरवी पॅरेड गॅसोलीन कंपनीच्या वाहिनीला छेद देऊन शाळेची नळी जोडून घेतली. त्या वाहिनीतून वाहत होता उरलेला गॅस. तेलाबरोबर जो गॅस वर येतो त्यातला पेट्रोलजोगा भाग काढून घेतला की जे राहतं त्याला तेव्हा किंमत नव्हती; कंपन्या ते जाळून टाकत. म्हणून परिसरात अनेक जण गुपचूप जोड घेत आणि कंपन्या तिकडे काणाडोळा करत. परवानगी नव्हती आणि अडवणूकही नव्हती.

यात महिन्याला काही शे डॉलर वाचत होते. आणि हा गॅस पूर्णपणे बिनवासाचा होता.

मंडळाला शिव्या घालण्याआधी आपल्या सिलिंडरपाशी वाकून पाहावं. एकाच रेग्युलेटरच्या रबरी नळीला मध्येच कापून टी बसवलेला आणि एक फाटा शेगडीला, दुसरा गिझरला गेलेला दिसला, तर तो न्यू लंडनचाच जोड आहे. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाब देतो. तो राखला जावा म्हणून नळी, क्लिप आणि खटका सगळं ठरलेल्या मापाचं असतं. त्यात पाण्याच्या नळाचा टी घुसवला आणि वरून तार आवळली की माप संपलं. तारेने रबर कापलं जातं. लगेच काही होत नाही, दोन उन्हाळे जातात.

काही आठवडे आधी

मुलं डोकं दुखतं म्हणू लागली होती. ही तक्रार नंतर अनेकांना आठवली. तेव्हा कुणी त्याचा गॅसशी मेळ घातला नाही. घालणार कसा? वास तर कुठेच नव्हता.

18 मार्च, सकाळ

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शेजारच्या हेंडरसन गावी आंतरशालेय स्पर्धा होत्या, त्यामुळे शाळेला सुट्टी मिळणार होती. गुरुवारची सकाळ अशा दिवसाची असावी तशी, अर्धी वर्गात आणि अर्धी उद्यात.

फरशीखाली त्या वेळी नेमका किती गॅस होता हे कुणी मोजलं नव्हतं, पण नियम ठाऊक आहे. हवेत मिथेन 5 टक्क्यांहून कमी असेल तर ठिणगीने काही होत नाही. 15 टक्क्यांच्या वर गेला तर जळायला हवाच पुरत नाही. घात होतो तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे तो फरशीच्या फटींतून वर येत राहिला असणार. आपल्या सिलिंडरातला गॅस याच्या उलट वागतो. तो हवेपेक्षा दीडदोन पट जड, म्हणून गळाला की जमिनीवर सरपटत जातो, मोरीत उतरतो, ओट्याखाली बसतो आणि 2 टक्क्यांच्या आसपासच पेट घेण्याजोगा होतो. एवढ्यासाठीच सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवायचा नसतो.

दुपार

धाकट्या वर्गांतली मुलं लवकर घरी गेली होती. शंभरेक फुटांवरच्या व्यायामशाळेत पालक-शिक्षक सभा चालू होती आणि बऱ्याच आया तिथे बसल्या होत्या. मुख्य इमारतीत सुमारे 500 विद्यार्थी आणि 40 शिक्षक होते.

3 वाजून 5 ते 3 वाजून 20

नेमकी वेळ नोंदींत जुळत नाही. बहुतेक वर्णनं 3 वाजून 17 मिनिटं म्हणतात. हस्तव्यवसायाचे शिक्षक लेमी बटलर यांनी लाकूड घासायचं विजेचं यंत्र चालू केलं. बटणातून ठिणगी उडाली. अशी ठिणगी प्रत्येक बटणातून प्रत्येक वेळी उडते. तुमच्या घरच्या ट्यूबलाइटच्या बटणातूनही. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, आणि लागलेला असेल तर विझवूही नका, असं सांगतात ते याच कारणाने.

पुढचे काही सेकंद

भिंती बाहेर फुगल्या. छप्पर वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली कोसळलं. काही टन वजनाचा काँक्रीटचा तुकडा 200 फुटांवर उभ्या असलेल्या शेव्हरले गाडीवर जाऊन पडला. आवाज चार मैलांवर ऐकू गेला. सभेतल्या आया बाहेर आल्या तेव्हा समोर शाळा नव्हती.

3.30 ते मध्यरात्र

तेलक्षेत्रातले मजूर यंत्रं, दोरखंड, पोलाद कापायच्या ज्योती घेऊन धावले. यातल्या अनेकांची मुलं त्या ढिगाऱ्याखाली होती. गव्हर्नर जेम्स ऑलरेड यांनी पोलीस आणि सैनिकदल पाठवलं. जवळच्या टायलर गावातलं नवं मदर फ्रान्सिस रुग्णालय दुसऱ्या दिवशी समारंभाने उघडायचं होतं. ते त्याच दिवशी, समारंभाविना उघडलं. डलासहून युनायटेड प्रेसचा एक विशीचा बातमीदार आला, वॉल्टर क्रॉनकाइट. पुढे त्याने दुसरं महायुद्ध पाहिलं, पण ही दुपार त्याच्या मनातून कधी गेली नाही. रात्री पाऊस लागला. पावसातच काम चालू राहिलं.

19 मार्च, सकाळ

सतरा तासांनी ढिगारा उपसून झाला. मृतांचा आकडा सुमारे 295 धरतात. काहींच्या मते तीनशेच्या वर. त्या वेळी अनेक तेलकामगार गावोगाव फिरणारे असल्याने खरा हिशेब लागला नाही. जगभरातून शोकसंदेश आले. त्यात एक तार अॅडॉल्फ हिटलरची होती, आणि इतिहासाच्या खोडसाळपणाचा याहून मोठा नमुना मला माहीत नाही.

चौकशी झाली. खाणकाम विभागाच्या तज्ज्ञांनी दोष नळीच्या जोडणीवर ठेवला: जोड सदोष होता, गॅस गळला आणि फरशीखाली साचला. न्यायालयात कुणीच दोषी ठरलं नाही. शाळेचे अधीक्षक डब्ल्यू. सी. शॉ यांचा स्वतःचा मुलगा गेला होता, त्यांना राजीनामा द्यावा लागला. टेक्सासच्या विधिमंडळाने काही आठवड्यांत दोन कायदे केले. गॅसला वास मिसळणं सक्तीचं झालं, आणि परवान्याशिवाय कुणालाही स्वतःला इंजिनिअर म्हणवता येणार नाही असं ठरलं. पहिल्या कायद्याचं अनुकरण हळूहळू जगभर झालं आणि त्याचा भपका तिसगावच्या ओसरीपर्यंत आला. दुसरा तेवढा लांब आला नाही. आपल्याकडे नळी जोडायला येणाऱ्या माणसाला तुझ्याकडे कसला दाखला आहे, असं विचारणं अपमान समजतात.

पण त्या पहिल्या कायद्याने अर्ध्याच धोक्याला वास दिला. न जळलेला गॅस कळतो. अर्धवट जळलेला कळत नाही. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चरचर नाही. मरकॅप्टन तर ज्योतीतच जळून जातं, त्यामुळे नाक निर्धास्त असतं. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातल्या दामन इथे गारठा म्हणून खोली बंद करून गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यात चार मुलं होती. मार्च 2023 मध्ये मुंबईत घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं एक जोडपं स्वतःच्याच न्हाणीघरात मृत सापडलं. पोलिसांचा संशय गॅस गिझरवर गेला.

म्हणून आता दुसरी मोजणी, तिसगावच्या थंडीतली. ही कुठल्या एका घराची हकिकत नव्हे, नुसतं गणित आहे.

आदली दुपार

वेळ खरी इथे आहे. यानंतर जे उरतं ती मिनिटं.

गिझर कुठे टांगायचा हे ठरवायला फिटरला पाच मिनिटं लागतात. बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत, वरून पत्र्याचा आडोसा करून तो लावता येतो. गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत घ्यायचा, बस. यात आठदहा फूट पाइप आणि एक भोक एवढाच जादा खर्च. तरी तो न्हाणीतच टांगला जातो, कारण नळ तिथे आहे, आणि कारण बाहेर ठेवला तर चोरीला जाईल अशी भीती असते.

आतल्या बाजूला, बोळात किंवा मागच्या पडवीत लावायचाच असेल तर धुराचा पाइप हवा, आणि त्याचं शास्त्र बंबाच्या चिमणीहून वेगळं नाही. गरम धूर वर जातो, म्हणून पाइप आधी सरळ उभा चढवायचा. आडवा तुकडा लहान ठेवायचा आणि त्यालाही बाहेरच्या बाजूला चढ द्यायचा. मध्ये पोट आलं की तिथे पाणी साचतं आणि वाट बंद होते. तोंड उघड्यावर, खिडकीपासून लांब न्यायचं, वर टोपी बसवायची, आणि पाखरांनी घरटं केलंय का ते दर हिवाळ्याआधी पाहायचं. खाली हवा आत यायला कायमची उघडी जाळी लागते. फक्त वरची झडप असून भागत नाही.

एक्झॉस्ट फॅन आहे की, असं उत्तर हमखास येतं. बंद खोलीत फॅन हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. फटी नसतील तर ती धुराच्या पाइपातूनच उलटी येते, धुरासकट. फॅनने काम होतं ते खालची जाळी मोकळी असेल तरच.

गॅसच्या पाइपाचं म्हणाल, तर गिझरसाठी वेगळा सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर घ्यावा. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची, लांबी कमीत कमी. भिंतीतून जाणारा भाग धातूचा, बाहेरून मोठ्या पाइपाचं कवच घातलेला, आणि भिंतीच्या आत एकही जोड नको. जिथे बघता येत नाही तिथे जोड ठेवायचा नाही. सगळं आवळून झालं की साबणाचा फेस प्रत्येक आट्यावर फासायचा आणि फुगा येतो का ते बघायचं. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत.

आपल्या गणितात यातलं काही झालेलं नाही. सहा लिटरचा गिझर न्हाणीत आहे. न्हाणी 4 फूट बाय 6 फूट, उंची 8 फूट. वाऱ्याची झडप थंडीमुळे गोणपाटाने बुजवली आहे.

पहाटे 5.30, मिनिट शून्य

कडी लागली, नळ सोडला, ज्योत पेटली. निळी आहे. असा गिझर मिनिटाला साधारण 15 ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी सुमारे 200 लिटर हवा मागतो. न्हाणीत हवा आहे 5,400 लिटर.

मिनिट चार

दाराखालची फट नसती तर हवेतला प्राणवायू 21 टक्क्यांवरून 18 वर आला असता. फटीमुळे आणखी काही मिनिटं मिळतात. वाफ दाटते आहे, त्यामुळे ज्योत निळ्याची पिवळी झालेली दिसत नाही. दिसली तरी साबण डोळ्यांत आहे.

मिनिट आठ ते दहा

ज्योतीला हवा अपुरी पडू लागली की मोनॉक्साइड सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. तो हवेत दहा लाखांत 1,600 भाग असेल तर वीस मिनिटांत डोकं दुखतं, तासात मृत्यू येऊ शकतो. 3,200 झाला की डोकेदुखी पाचदहा मिनिटांत आणि मृत्यू अर्ध्या तासात. 6,400 ला दहापंधरा मिनिटं पुरतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गरम पाण्याने गुंगी आली असं आत असलेल्याला वाटतं. थंडीत बरंच वाटतं ते.

मिनिट बारा

आधी पाय जातात. शुद्ध असते, कडी दोन हातांवर दिसत असते, उठता येत नाही. म्हणून गॅस गिझर असलेल्या घरात न्हाणीची कडी आतून लावू नये असं मी सांगतो, आणि लोक हसतात.

मिनिट वीस

अनेक गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. डब्यावर ही सोय सुरक्षिततेच्या यादीत छापलेली असते. वरचे आकडे आणि ही वेळ शेजारी ठेवून पाहा.

मिनिट पंचवीस

बाहेरचे हाका मारून दार तोडतात. आधी दार सताड उघडून, श्वास रोखून माणूस ओढत मोकळ्यावर आणायचा, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. (गॅसचा वास येत असेल तर तो वेगळा प्रसंग: 1906 या क्रमांकावर गॅस कंपन्यांची चोवीस तास मदत असते.)

दवाखाना

इथे दुसरी फसगत होते. बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही प्राणवायूचं रक्त समजतं आणि 98 दाखवतं. आकडी आली असेल तर मिरगी ठरते, छाती धरली असेल तर हृदयविकार. न्हाणीत कोसळलेल्यांवर महिनोन्‌महिने मिरगीची औषधं चालू राहिल्याचं मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवलं आहे. गिझर कुणी विचारलाच नव्हता. म्हणून सोबत गेलेल्याने नाव-गाव सांगायच्या आधी तीन गोष्टी सांगायच्या: न्हाणीत सापडला, गिझर गॅसचा आहे, झडप बंद होती. मग डॉक्टर रक्तातला मोनॉक्साइड तपासायला पाठवतात आणि निकालाची वाट न पाहता तोंडावर घट्ट बसणारा, पूर्ण प्राणवायूचा मास्क लावतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला पाचेक तास लागतात, मास्कवर दीड तासाच्या आत. शुद्ध आली म्हणून मास्क काढून घरी नेऊ नये. विसराळूपणा, चिडचिड, चालण्यातला अडखळ अशा तक्रारी कित्येकदा दोनतीन आठवड्यांनी सुरू होतात, आणि तोवर गिझर त्याच खिळ्यावर असतो.